पंचेचाळीस अंशांचा अभिमान

प्रत्येक शिक्षकाच्या गाठी एखादे असे वाक्य असते की, त्याच्या जोरावर तो आयुष्यभर सुखाने निजतो. इतिहासाच्या शिक्षकास एखादी सनावळी, संस्कृतच्या शिक्षकास एखादे सूत्र, आणि व्याकरणाच्या शिक्षकास इतरांच्या चुका, असे ज्याचे त्याचे भांडवल ठरलेले असते. आम्ही चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविले. आमचे भांडवल एवढेच होते की, फेकलेला पदार्थ जास्तीत जास्त दूर जावयाचा असेल, तर तो जमिनीशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून फेकला पाहिजे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नवी मुले वर्गात येत. त्यांची दप्तरे ओली असत व मनेही तशीच. आम्ही फळ्याकडे वळून हाताच्या एकाच झोक्यात अन्वस्त काढीत असू. तो असा रेखीव उतरे की, मागील बाकावरील मंडळीही क्षणभर कुजबूज थांबवीत. मग आम्ही सांगावयाचे की, तार्ताग्लिया नावाच्या इटालियन गणित्याने १५३७ साली हा कोन सांगितला, आणि गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सिद्ध करून दाखविला. त्यानंतर सूत्र, सूत्रानंतर उदाहरण, आणि उदाहरणानंतर घंटा. चौतीस वर्षांत त्या अन्वस्तास कधी बाक आला नाही, आणि आमच्या अभिमानासही नाही.

हा अभिमान उतरविण्याचे काम नियतीने एका गोल्फच्या मैदानावर केले. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय माणसास या खेळाविषयी जे ठाऊक असते, तेच आम्हांस होते. म्हणजे तो श्रीमंतांचा आहे, त्यात घाई नाही, आणि तो खेळणारे लोक पांढऱ्या टोप्या घालितात. पुढे वाचनात असे आले की, स्कॉटलंडच्या राज्यसभेने १४५७ साली कायदा करून या खेळास बंदी घातली होती; कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा अभ्यास सोडून याच्याच नादी लागत. १८२९ साली तो कलकत्त्यास येऊन पोचला, आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून आजही तेथील संस्थेचेच नाव घेतात. सांगावयाचे तात्पर्य, आमच्या व त्या खेळाच्या दरम्यान बराच समुद्र होता.

तो समुद्र ओलांडण्यास कारण झाले आमचे एक स्नेही. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ सकाळच्या फिरण्यात आमच्या सोबतीस असतात; त्यांस आम्ही कर्नलसाहेब म्हणतो व ते आम्हांस मास्तर म्हणतात. एके दिवशी ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही जन्मभर चेंडू फळ्यावर उडविलात. एकदा खरा उडताना तरी पाहा." आणि पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी आम्हांस आपल्या मोटारीत घालून येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर नेले.

तेथे आमच्या दृष्टीस प्रथम पडली ती त्यांची पिशवी. तीत काठ्यांची अशी गर्दी होती की, एखाद्या भालदारांच्या तुकडीने शस्त्रे ठेवून क्षणभर विसावा घ्यावा. आम्ही मोजल्या, चौदा भरल्या. "एका चेंडूला चौदा काठ्या?" आम्ही विचारले. कर्नलसाहेब म्हणाले, "चौदांहून अधिक बाळगावयास नियमाने बंदी आहे. नाहीतर लोक पंचवीस आणतील. १९३८-३९ साली हा नियम झाला, त्यापूर्वी आणीतही असत." मग त्यांनी एकेक काठी काढून दाखविली. सर्वांची ठेवण सारखी. परंतु चेंडूस लागणारा जो लोखंडी चेहरा, तो काहींचा जवळ जवळ उभा, तर काहींचा मागे रेललेला, जणू दुपारी आरामखुर्चीत पडलेला. या रेलण्यास 'लॉफ्ट' म्हणतात. दांडी सरळ उभी धरली असता चेहरा उभ्या रेषेपासून जितके अंश मागे झुकलेला असेल, तितका त्याचा लॉफ्ट. सर्वांत लांब काठी ड्रायव्हर. तिचा कल साधारण ९ ते १२ अंश. नंतर क्रमांक घातलेली आयर्ने. त्यांत सातव्या क्रमांकाच्या काठीचा कल ३० अंशांच्या आसपास. मग पिचिंग वेज, सुमारे ४५ अंश. वाळूतून चेंडू काढावयाची सँड वेज, सुमारे ५६. जमिनीवरून चेंडू लोटीत नेणाऱ्या पटरलादेखील ३-४ अंशांचा कल असतोच.

वाचकहो, 'पिचिंग वेज, ४५ अंश' हे शब्द कानी पडताच आमच्या अंतःकरणाची काय स्थिती झाली असेल, याची कल्पना ज्याने एकच धडा चौतीस वेळा शिकविला आहे त्यालाच येईल. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा, तसा आम्हांस आनंद झाला. आम्ही म्हणालो, "मग सर्वांत दूर हीच काठी चेंडू नेत असणार. ड्रायव्हरच्या दहा अंशांत चेंडू जमिनीलगत निघेल व लवकर पडेल. पंचेचाळीस अंश हाच परमावधीचा कोन होय." आणि तेथेच, हिरवळीवर, एका वाळक्या काडीने आम्ही अन्वस्त काढून दाखविला.

कर्नलसाहेब हसले नाहीत. सैन्यात माणसे शत्रूच्या चुकीवर हसत नाहीत, वाट पाहतात. पिशवी वाहणारा कॅडी मात्र खाली मान घालून आपल्या पायांच्या अंगठ्याकडे पाहू लागला. हा पन्नाशीचा, उन्हाने रापलेला मनुष्य लहानपणापासून त्याच मैदानावर वावरत आला होता. आमच्या काडीने काढलेल्या आकृतीकडे त्याने एकवार पाहिले आणि आर्जवाने म्हणाला, "साहेब, बोलू का? ही थांबवायची काठी हाय. लांब धाडायची न्हाई."

आम्ही प्रयोगाचा आग्रह धरिला. आमच्या हातून काठी चेंडूस लागलीच नसती, म्हणून प्रयोगकर्ते कर्नलसाहेब, आणि आम्ही निरीक्षक. सरावाच्या पटांगणात अंतराच्या पाट्या लावलेल्या होत्या. प्रथम पिचिंग वेजने पाच चेंडू. कॅडीने अगोदरच सांगून ठेविले, "शंभराच्या पाटीच्या अलीकडं." चेंडू मोठ्या डौलाने आकाशात चढले आणि शंभराच्या पाटीच्या अलीकडे, एकमेकांपासून चार पावलांच्या आत, पडून तेथेच राहिले. मग ड्रायव्हर. चेंडू प्रथम बसका निघाला. आम्ही मनात म्हणालो, आता पडेल. परंतु तो पडेना. उलट पुढे जाऊन जणू त्यास काही आठवण झाली व तो अधिकच वर चढला, तसाच बराच वेळ तरंगला, आणि दोनशेच्या पाटीपाशी जाऊन घरंगळत राहिला. पाच चेंडू, पाच वेळा. आमच्या पायांशी हिरवळीवर काढलेला अन्वस्त वाऱ्याने अर्धा पुसून गेला होता; उरलेला आम्ही बुटाने पुसला.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. निसर्गाने चौतीस वर्षे आमच्याशी खोटे बोलावे, हे शक्य नव्हते. तेव्हा आम्हीच कोठेतरी त्याचे बोलणे अर्धवट ऐकले असले पाहिजे. आम्ही पुस्तके काढली. आणि जे समजले ते येथे देतो. कारण ज्यांनी ज्यांनी आमच्यापाशी तो धडा घेतला, त्यांपैकी कोणी या मासिकाचे वाचक असल्यास त्यांचे हे आम्ही देणे लागतो.

पहिली गोष्ट अशी की, कल हा फुकट मिळत नाही. चेंडू व काठी यांची गाठ एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरतीच पडते. तेवढ्यात उभा चेहरा आपले बहुतेक सर्व बळ चेंडूस पुढे लोटण्यात घालवितो. चेहरा मागे रेलला की त्याच बळाच्या वाटण्या होतात. काही पुढे, काही वर, आणि काही चेंडूस गरगर फिरविण्यात. काठीच्या टोकाचा वेग १०० मानिला, तर निष्णात खेळाडूच्या ड्रायव्हरवरून चेंडू सुमारे १४८ वेगाने सुटतो, आणि पिचिंग वेजवरून सुमारे १२३ ने. शिवाय वेजची दांडी ड्रायव्हरपेक्षा नऊ-दहा इंचांनी आखूड असल्याने मुळात तिचे टोकच कमी वेगाने फिरते. म्हणजे 'वेग तोच ठेवून कोन बदला' असे जे आमचे सूत्र सांगते, ते या खेळात घडतच नाही. कोन बदलला की वेगही बदलतो. आमच्या सूत्रात वेग व कोन हे दोन सख्खे शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत. मैदानावर ते एकाच चुलीवर जेवतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रेललेल्या चेहऱ्यावर चेंडू आदळला की तो वर सरकू पाहतो, आणि घर्षण त्यास मागील बाजूने खाली ओढते. त्यामुळे चेंडू उलटी फिरकी घेऊनच निघतो. त्याचा माथा मागे खेळाडूकडे, आणि तळ पुढे. असा फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा खाली ढकलतो आणि हवा त्यास वर उचलून धरते. माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास फिरत्या पदार्थावरील या बाजूच्या रेट्याचे प्रयोग केले. त्याच्याही कितीतरी आधी, १६७२ साली, न्यूटनने टेनिसचा चेंडू वळण घेताना पाहून ते टिपून ठेविले होते. ड्रायव्हरचा बसका चेंडू जो मध्येच वर चढला, तो कोनामुळे नव्हे, या हवेच्या हातामुळे.

आकडे पाहिले म्हणजे खात्री पटते. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा ड्रायव्हरचा चेंडू ताशी सुमारे १६५ मैल वेगाने, केवळ ११ अंशांच्या कोनात निघतो, मिनिटास सुमारे २,७०० फेरे घेतो, आणि जमिनीस टेकण्यापूर्वी सुमारे २७५ यार्ड जातो. सातव्या आयर्नचा चेंडू १२० मैल, १६ अंश, ७,००० फेरे आणि १७० यार्ड. पिचिंग वेजचा १०० मैल, २४ अंश, ९,००० फेरे आणि १३५ यार्ड. काठी पंचेचाळीस अंशांची असूनही चेंडू पंचेचाळीसावर निघत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. फटक्याच्या वेळी खेळाडूचे हात चेंडूच्या पुढे असल्याने चेहरा थोडा मिटतो, आणि घर्षण चेंडूस आणखी खाली खेचते. आता आमच्या सूत्राने हिशेब करा. हवा नसती तर १६५ मैल वेगाने ११ अंशांवर निघालेला चेंडू सुमारे २३० यार्डांवर पडावा. तो जातो २७५! म्हणजे ज्या हवेस आम्ही फळ्यावर 'अडथळा' म्हणून एका शब्दात निकालात काढीत असू, ती फिरकीच्या चेंडूस वाटेत अडविते हे खरे, परंतु उचलून धरून अडविल्याहून अधिक देते.

मात्र हे दानही मर्यादेतच पचते. फिरकी फार झाली की चेंडू वरच्या वर फुगतो व पुढे जाण्याचा जोर गमावितो. वेजचे तेच होते. नवल असे की, या तिन्ही काठ्यांनी व्यावसायिकांचे चेंडू साधारण सारख्याच उंचीवर, सुमारे ३० यार्ड, चढतात. परंतु वेजचा चेंडू ती उंची लवकर गाठतो, सरळसोट खाली येतो, आणि फिरकीमुळे पडल्या जागी थबकतो. कॅडीने 'थांबवायची काठी' म्हटले होते, त्याच्या तीन शब्दांत हा सगळा परिच्छेद मावत होता.

कर्नलसाहेबांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. तारुण्यात ते ९ अंशांचा ड्रायव्हर वापरीत. आता १२ अंशांचा वापरितात. वयाबरोबर हाताचा वेग कमी होतो, मंद चेंडूस हवा फारशी उचलून धरीत नाही, आणि म्हणून तो मुळातच अधिक कोनात सोडावा लागतो. "दोन वर्षे मी हे कबूल केले नाही," ते म्हणाले, "आणि त्या दोन वर्षांत माझा प्रत्येक चेंडू वीस यार्ड अलीकडे पडला." काठ्या बनविणारे कारखानदारही ही मानवी दुर्बलता ओळखून आहेत. सातव्या क्रमांकाच्या काठीचा कल पूर्वी ३५ अंशांच्या आसपास असे. आज कित्येकांचा ३० च्याही खाली आणला आहे. क्रमांक तोच, कल कमी; चेंडू अधिक दूर जातो आणि खेळाडूस वाटते की आपणच बळकट झालो.

या शोधात आम्हांस एक गुरुबंधू भेटले. पीटर गथ्री टेट हे १८६० पासून एडिंबरोच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. गोल्फचे त्यांस मनस्वी वेड. त्यांचा मुलगा फ्रेडी हा तर १८९६ व १८९८ अशा दोन साली ब्रिटनमधील हौशी खेळाडूंच्या अजिंक्यपदाचा मानकरी. मुलाचा चेंडू हवेत इतका वेळ राहतो तरी कसा, हे कोडे बापाने प्रयोगशाळेत सोडवावयास घेतले, आणि १८९० नंतरच्या दशकात निबंध लिहून दाखवून दिले की, चांगल्या फटक्याचे रहस्य उलट्या फिरकीत आहे. आपणांस तरुणपणी चेंडूस फिरकी मुळीच देऊ नये असे शिकविले गेले, आपण ते इमानाने पाळले, आणि खरे काय ते कळले तेव्हा खेळण्याचे दिवस निघून गेले होते, अशा आशयाचे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेविले आहे. १९०० च्या फेब्रुवारीत फ्रेडी दक्षिण आफ्रिकेतील युद्धात पडला. पुढच्या वर्षी वडीलही गेले. त्या वृद्ध अध्यापकाच्या चुकीच्या कबुलीची गोष्ट वाचताना आमचा हात पुस्तकावर थांबला. इतका मोठा मनुष्य हे छापून सांगतो, आणि आम्ही मात्र बुटाने अन्वस्त पुसून घरी आलो.

आमच्या सूत्राची बाजू घेण्याचा एक शेवटचा प्रयत्नही आम्ही केला. १९७१ साली अ‍ॅलन शेपर्ड या अमेरिकन अंतराळवीराने चंद्रावर दोन गोल्फचे चेंडू मारिले होते. खडकमाती उचलण्याच्या दांड्यास सहाव्या आयर्नचे टोक जोडून, जाड पोशाखामुळे एकाच हाताने. तेथे हवा नाही. म्हणून फिरकी निरुपयोगी, तरंगणे नाही, आणि चेंडू आमच्या अन्वस्तावरून तंतोतंत जावयाचा. छायाचित्रांवरून २०२१ साली केलेल्या मोजणीप्रमाणे त्यांतील एक चेंडू २४ यार्ड व दुसरा ४० यार्ड गेला होता. तात्पर्य काय, तर आमचा धडा चंद्रावर अक्षरशः खरा होता. दुर्दैवाने आमचे विद्यार्थी पृथ्वीवर राहत.

येथवर आम्ही विनोद केला. पुढे तो साधणार नाही. धडा चुकीचा नव्हता. 'हवेचा परिणाम नगण्य मानू' ही अट पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत होती, आणि त्या अटीत सूत्र निर्दोष आहे. हवेचा विचार गॅलिलिओनेही आपल्या ग्रंथात केला होता. चूक सूत्राची नव्हे. चूक जी झाली, ती एका पावसाळ्यातील सकाळी झाली, आणि ती आम्हांस रात्रभर जागवीत होती.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक सडपातळ मुलगा बसत असे. टेबलटेनिस चांगला खेळे. अन्वस्त काढून आम्ही मुलांकडे वळलो, तोच तो उभा राहिला व म्हणाला, "सर, चेंडूला वरून फिरकी दिली की तो लवकर खाली येतो. मग खालून दिली तर तो जास्त वेळ वर राहील ना? मग पंचेचाळीसच अंश कसे?" वाचकहो, टेट यांनी ज्यासाठी वर्षे खर्चिली, तोच प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाने, कोणतेही पुस्तक न वाचता, केवळ आपल्या मनगटाच्या अनुभवावरून विचारिला होता. आणि आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "परीक्षेत टेबलटेनिस विचारीत नाहीत. खाली बसा." वर्ग हसला. वर्गाला हसविल्याचा आम्हांस थोडा आनंदही झाला. मुलगा बसला, त्याने वही उघडली, आणि फळ्यावरचा अन्वस्त उतरून घेतला.

आज इतक्या वर्षांनी खरे सांगावयास हरकत नाही. आम्ही त्यास खाली बसविले, ते वेळ नव्हता म्हणून नव्हे, अथवा अभ्यासक्रम उरला होता म्हणूनही नव्हे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द उच्चारण्यापेक्षा एका मुलास चाळीस मुलांत हास्यास्पद करणे आम्हांस सोपे वाटले.

तो विद्यार्थी आमच्याच भागात औषधांचे दुकान चालवितो. आमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही त्याच्याकडूनच घेतो, आणि तो दर वेळी उठून उभा राहतो. गोल्फच्या त्या रविवारानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नसते अशा वेळी आम्ही दुकानात गेलो. गोळ्या संपल्या नव्हत्या. आम्ही उभ्याउभ्याच त्यास ड्रायव्हर, वेज, फिरकी, टेट, सर्व सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "तुमचा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यावयास तीस वर्षे लागली."

तो पुष्कळ वेळ काउंटरच्या काचेवरून हात फिरवीत राहिला. आम्हांस वाटले, त्यास आठवतच नसेल. आणि मनाच्या एका कोपऱ्यात आम्ही तशी इच्छाही केली. परंतु तो म्हणाला, "आठवतं ना, सर. त्यानंतर मी वर्गात प्रश्न विचारला नाही." मग आमचा चेहरा पाहून घाईने पुढे म्हणाला, "पण तुमच्यामुळे नाही हं, सर. तुम्ही इतकं छान शिकवायचात की, विचारायला काही उरायचंच नाही."

रागाने तो चार शब्द बोलता तर आम्ही हलक्या पावलांनी घरी आलो असतो. त्याने सौजन्य दाखविले, आणि तेच आम्हांस जड गेले.

आम्ही निघालो तेव्हा त्याने पायरीपर्यंत येऊन विचारिले, "सर, मुलगी यंदा अकरावीत आहे. हुशार आहे, सगळं पाठ असतं. पण वर्गात तोंड उघडत नाही, असं तिच्या बाई म्हणतात. रविवारी तुमच्याकडे पाठवू का?" आम्ही होय म्हटले. नाही म्हणण्याचा आमचा अधिकार संपला होता.

ती मुलगी गेले चार रविवार येत आहे. पहिल्या दिवशी आम्ही जुन्या सवयीने कागदावर अन्वस्त काढिला. हात अजून कापत नाही. मात्र आकृतीच्या आधी, वरच्या बाजूस, ठळक अक्षरांत 'हवा नाही असे समजू' एवढे लिहिले, आणि तिला म्हटले की, हे वाक्य आकृतीहून महत्त्वाचे आहे, कारण ते खोटे आहे. तिने ते मुकाट्याने उतरून घेतले. दुसऱ्या रविवारी कर्नलसाहेबांकडून मागून आणलेला एक गोल्फचा चेंडू तिच्या हातात दिला. त्यावरच्या तीनशेहून अधिक खळग्यांवरून तिने बोट फिरविले. आम्ही सांगितले की, १८४८ च्या सुमारास झाडाच्या चिकाचे, गटापर्चाचे, चेंडू आले तेव्हा ते गुळगुळीत असत. पण खेळून खेळून ओरखडे पडलेले जुने चेंडूच नव्यांपेक्षा चांगले उडतात असे खेळाडूंस दिसून आले, आणि मग कारागीर नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. तिने हेही उतरून घेतले. आम्ही वाट पाहत होतो. ती काही विचारीना. तिसरा रविवारही तसाच गेला. मौन हे वारसाहक्काने उतरते की काय, अशी शंका आमच्या मनास शिवून गेली, आणि तो वारसा कोणाकडून निघाला हे आम्हांस ठाऊक होते.

परवाच्या रविवारी बाहेर पाऊस लागला होता. आम्ही वेजची गोष्ट सांगत होतो. दूर जाणे ही खेळाची अर्धीच विद्या, खरी विद्या नेमक्या ठिकाणी जाऊन थांबण्याची, आणि चौदा काठ्यांपैकी बहुतेकींचा कल त्याचसाठी वेगवेगळा ठेवलेला असतो, असे काहीसे. एवढ्यात तिची पेन्सिल थांबली. तिने ती वहीवर आडवी ठेविली, खिडकीतून कोसळणाऱ्या सरींकडे एकवार पाहिले, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, एक विचारू?"

तिने जे विचारिले ते येथे देत नाही. कारण त्याचे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही. आम्ही तिला तसेच सांगितले.